जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमा) शेवटच्या वर्षाला आहे. ईसीजी वाचायला शिकू का, की ते डॉक्टरांचंच काम? कुठला कोर्स करू?

शिका. आणि "डॉक्टरांचं काम" हे तुमच्या डोक्यात कुणी घातलंय ते मला न सांगता कळलं, आमच्या इनचार्ज सिस्टर पण हेच म्हणायच्या, ईसीजीची पट्टी काढ, फाईलला लाव, गप बस.

मी सोलापुरात एका खाजगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आहे. नाइटला पूर्व भागातली एक विड्या वळणारी अक्का आली. शुगरची पेशंट. छातीत दुखतंय असं एकदाही म्हणाली नाही, नुसती पोटाच्या वर जळजळ, उलट्या आणि घामाने ब्लाउज चिंब. मुलगा म्हणतो कडक भाकरी न शेंगा चटणी जास्त झाली सिस्टर, आरएमओ सरांना (ड्युटीवरचे डॉक्टर) पण ते पटलं, ॲसिडिटीचं पॅन्टॉप द्या म्हणाले. शुगरवाल्या बायकांचा अटॅक बऱ्याचदा असाच येतो हो, त्यामुळे मी आल्या आल्या ईसीजी काढला होता (10 मिनिटांच्या आत काढायचा असतो, नियमच आहे). लीड 2, 3 आणि एव्हीएफमध्ये (हृदयाची खालची भिंत दाखवणाऱ्या लीड) एसटी (ठोक्याच्या आलेखातला एक तुकडा) जराशी वर, डोळ्यात भरेल असं काही नाही. पण एव्हीएलमध्ये (वरची डावी बाजू दाखवणारी लीड) खाली गेलेली, आणि खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये कधीकधी पहिली चुगली एव्हीएलच करतो. सर म्हणाले पेशंट हलल्यामुळे आलंय. मग मी छातीवरचा व्ही-4 चा इलेक्ट्रोड उजव्या बाजूला लावून परत पट्टी काढली, तिथेही एसटी वर. म्हणजे हृदयाचा उजवा कप्पा पण अटॅकमध्ये सापडलाय, अशा पेशंटला जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) दिली तर बीपी धाडकन पडतो आणि हिचा वरचा आधीच 90. गोळी दिली नाही, फोटो थेट कार्डिओलॉजिस्ट सरांना व्हॉट्सॲप केले. ते आले, अँजिओग्राफीत उजवी कोरोनरी बंद निघाली, स्टेंट पडला. अक्का परत विड्या वळतीये.

आणि मला काय मिळालं, तर मेमो. "परस्पर सिनियरला कळवले." 1960 च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉ. मेल्ट्झर आणि रोझ पिनिओ सिस्टरनी सीसीयूतल्या (हृदयाच्या पेशंटचा आयसीयू) नर्सना हृदयाचा रिदम ओळखायला आणि डॉक्टरची वाट न बघता शॉक द्यायला शिकवलं, त्याच्यावरच आजचे सीसीयू उभे राहिलेत, आणि आम्ही अजून फोटो कुणाला पाठवला यावर भांडतोय! हे मी इनचार्जना तोंडावर सांगितलं, तर म्हणे आवाज वाढवू नकोस.

म्हणून कोर्सच्या आधी एक सवय लावा, कितीला पट्टी काढली, कुणाला दाखवली, ते काय म्हणाले, सगळं नर्सिंग नोट्समध्ये वेळेसकट. मेमोच्या उत्तरात मी तेवढंच जोडलं, पुढे कुणी विषय काढला नाही. कोर्स काय, क्रिटिकल केअरचे असतात, बघा. पण वॉर्डातल्या जुन्या फाईली घेऊन रिपोर्ट झाकून पट्ट्या वाचण्यात जे येतं ते पैसे भरून येत नाही.

बाकी निदान आणि औषध डॉक्टरांचंच, त्यात हात घालू नका, आपण दाखवायचं आणि ऐकत नसतील तर वरच्याला दाखवायचं. आणि पहिली पट्टी नॉर्मल आली म्हणून पेशंटला घरी पाठवू देऊ नका, दुखणं चालूच असेल तर 15-20 मिनिटांनी परत काढा, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झालीये का ते सांगणारी रक्ततपासणी) पण सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकतं.