सस्पेन्शन ‘ढिलं’ करायचं की ‘नरम’?

प्रश्न असा आला आहे: बीमएनजी ड्राइव्ह या सिम्युलेटरमधली गाडी कमी धक्के देईल अशी कशी लावायची, हे मराठीत सांगताना ‘सस्पेन्शन ढिलं करा’ म्हणावं, ‘मऊ करा’ की ‘नरम करा’? शिवाय डॅम्पर आणि त्याचे बंप (चाक वर दबतानाचा विरोध) आणि रिबाउंड (चाक परत खाली येतानाचा विरोध) यांना मराठीत काय म्हणायचं?

एक वाट आधीच बंद करतो. सस्पेन्शनचं ‘निलंबन’ करू नका. निलंबन कारकुनाचं होतं, जीपचं नाही. सस्पेन्शन हा शब्द गॅरेजात केव्हाच मराठी झाला आहे, तो तसाच राहू द्या.

‘ढिलं’ मात्र टाळाच. ‘सस्पेन्शन ढिलं झालंय’ म्हटलं की मेकॅनिकला बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) झिजलेत, कुठेतरी खडखड वाजतंय, असं ऐकू येतं. तो दुरुस्तीचा शब्द आहे. ‘मऊ’ हा बोटांना कळणारा गुण: गादी मऊ, भात मऊ. स्प्रिंग दाबाला किती दाद देते हे सांगायला नरम आणि कडक हीच जोडी बरोबर बसते. आणि या सगळ्याचा परिणाम सांगायचा तर ‘पोटातलं पाणी हलत नाही’ आहेच की!

आता खरा घोळ: ‘शॉकअप’, म्हणजेच तुमचा डॅम्पर. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं हे गॅरेजी रूप सगळ्यांच्या तोंडी आहे, पण नाव फसवं आहे. खड्ड्याचा धक्का घेते ती स्प्रिंग, म्हणजे ट्रकवाल्यांचा पाटा किंवा जुन्या बोलीतली कमान (फारसीत कमान म्हणजे धनुष्य, आणि पाट्याचा आकार पाहिला तर ते पटतं). घेतलेला धक्का ती ठेवून घेत नाही, उसळून परत देते. ती उसळी थोपवायचं काम शॉकअपचं. त्याच्या आतलं तेल बारीक छिद्रांतून रेटलं जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून माझी शिफारस दोन क्रियापदांची: स्प्रिंग धक्का झेलते, शॉकअप उसळी जिरवतो. पाणी जमिनीत जिरतं तेच हे जिरणं. डॅम्पिंगला ‘जिरवण’ म्हटलं तर कुणी अडणार नाही.

हा भेद नुसता भाषेचा नाही. समजा एका चाकावर गाडीचा ३०० किलो भार आहे आणि चाकापाशी मोजलेली स्प्रिंग ४० न्यूटन प्रति मिलिमीटरची आहे. गाडी सेकंदाला साधारण १.८ वेळा वरखाली होऊ पाहते, हा स्पोर्ट्‌स कारचा स्वभाव. स्प्रिंग २० वर आणली की हा आकडा १.३ होतो, म्हणजे घरगुती गाडीसारखा. पण जिरवण जुनीच ठेवली तर ती आता नव्या स्प्रिंगला जड होते. तोच तोल राखायला ती जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरवावी लागते. शिवाय उंची वेगळी वाढवली नाही तर गाडी सुमारे ७४ मिलिमीटर खाली बसते. मग खड्ड्यात ती बंप स्टॉपवर (चाकाची वर जायची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आदळते आणि ‘नरम करूनही धक्के का?’ हा प्रश्न येतो.

इथे मराठीची श्रीमंती कामाला येते. सगळं ‘बंपी’ म्हणून निभावून नेण्यापेक्षा आपल्याकडे तक्रारच निदान करते. एका उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा वरखाली होत असेल तर ते ‘हेलकावे’, जिरवण कमी पडतेय. खडबडीत रस्त्यावर बारीक ‘हादरे’ येत असतील तर शॉकअप दबताना कडक आहे किंवा टायरमध्ये हवा जास्त. ‘आदळते’ म्हणजे चाकाला वर जायला जागाच उरली नाही, तिथे स्प्रिंग आणखी नरम करणं म्हणजे दुखणं वाढवणं. ओळीने खड्डे आले की गाडी ‘बसत जाते’ ही तक्रार वेगळीच: चाक पुन्हा खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, कारण रिबाउंड फार जास्त ठेवलंय. वळणावर एका बाजूला झुकते ते ‘कलणं’. त्याची सोय अँटी-रोल बारमध्ये (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यात) आहे, त्यासाठी स्प्रिंगला हात लावू नये.

राहिले बंप आणि रिबाउंड. ‘दबतानाची जिरवण’ आणि ‘उसळतानाची जिरवण’ म्हणा. लांब वाटलं तर ‘दाब’ आणि ‘उसळी’. नुसतं ‘उसळ’ म्हणालात तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मटकी येईल.

युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळणाऱ्यांसाठी जाता जाता: तिथे ट्रकच्या आणि केबिनच्या सस्पेन्शनचा कडकपणा वेगवेगळा ठरवता येतो. युरोपातल्या मोठ्या ट्रकांत केबिन चासीवर स्वतंत्र सस्पेन्शनवर बसवलेली असते, म्हणून. ‘ट्रक डोलतो’ आणि ‘केबिन डोलते’ ही वाक्यं वेगळी ठेवा, नाहीतर ऐकणारा भलताच स्लायडर सरकवेल.

तेव्हा तुमचं वाक्य असं होईल: ‘पुढची स्प्रिंग नरम करा, उंची थोडी वाढवा, मग दाब आणि उसळी दोन्ही उतरवा. हेलकावे यायला लागले की उसळी एक पायरी परत चढवा.’