बायकांनी चर्चच्या सेवेचं शिक्षण घेणं हे हल्लीचं फॅड आहे का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला थिऑलॉजी (ख्रिस्ती धर्मशास्त्र) करायचंय आणि घरचे म्हणतात हे नवीन फॅड आहे, आपल्यात असं कधी नव्हतं. अहो, होतं की! दीक्षा, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) म्हणून अधिकृत नेमणूक, मिळायला लागली ती अलीकडे, ट्रेनिंग त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

जर्मनीत कायझर्सवर्थला फ्लीडनर नावाच्या पाळकाने १८३६ मध्ये डीकनेस तयार करायला सुरुवात केली, म्हणजे आजारी आणि गरीब लोकांमध्ये काम करणाऱ्या चर्चच्या सेविका. फ्लॉरेन्स नाइटिंगेलसुद्धा तिथे शिकून आली होती.

पण आपल्याशी खरा संबंध येतो तो शिकागोचा. ल्यूसी रायडर मेयर या बाईंनी कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेली, थोडं मेडिकलचंही शिक्षण झालेलं, त्यांनी १८८५ मध्ये तिथे बायकांसाठी ट्रेनिंग स्कूल काढलं. नुसतं बायबल नाही, आरोग्याचे विषय पण शिकायचे आणि शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये घरोघर जायचं. १८८८ च्या मेथडिस्ट जनरल कॉन्फरन्सने (मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची धोरणं ठरवणारी सभा) डीकनेसच्या कामाला मान्यता दिली, आणि त्याच कॉन्फरन्सला प्रतिनिधी म्हणून निवडून आलेल्या बायकांना मात्र बसू दिलं नाही. म्हणजे राबायचं तुम्ही आणि ठरवायचं आम्ही. मला याचा आजही राग येतो.

त्या स्कूलमध्ये शिकलेली मिनी ॲब्रम्स १८८७ मध्ये मुंबईला आली आणि पुढे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये गेली. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा तिथलं बरंचसं काम तिने सांभाळलं. मुक्तीत दुष्काळातून आलेल्या मुली होत्या, विधवा होत्या, त्यांना लिहावाचायला शिकवलं, हाताला काम दिलं, बायबल शिकवलं आणि १९०५ च्या जागृतीच्या (धार्मिक उत्साहाच्या लाटेच्या) वेळी त्यांच्यातल्याच कितीतरी जणींच्या टोळ्या आजूबाजूच्या गावांत सुवार्ता सांगायला जायच्या. त्या काळात परक्या पुरुषाला घरातल्या बायकांपर्यंत पोचताच यायचं नाही, त्यामुळे घरोघर जाऊन बायकांना बायबल सांगणाऱ्या 'बायबल बाई'शिवाय मिशनचं पान हलत नव्हतं. आणि स्वतः रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते मुक्तीच्याच छापखान्यात छापलं, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला तिथल्याच मुली. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पुस्तक त्यानंतर बाहेर आलं. आज थिऑलॉजी कॉलेजात मूळ भाषांचा पेपर म्हटलं की भलेभले घाबरतात, तर या बाईंचा अभ्यास केवढा असेल बघा. घरच्यांना हेच सांगा.

दीक्षेला मात्र खूप उशीर झाला. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी बायकांना पाळक म्हणून पूर्ण हक्क दिले १९५६ मध्ये. आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केलं. कॅथलिक चर्चमध्ये अजूनही बायकांना दीक्षा नाही.

बहिणीसाठी एक सांगते. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी हे थिऑलॉजीचं कॉलेज आहे (आधी यवतमाळला होती), तिथे मुलीही शिकतात. पण ॲडमिशनच्या आधी तुमच्या चर्चच्या वरिष्ठांना स्पष्ट विचारा की शिक्षण झाल्यावर दीक्षा देणार, की फक्त संडे स्कूल आणि महिला मंडळच हातात देणार. तोंडी नको, लेखी घ्या.