बोक्याचं वजन उतरवण्यासाठी त्याला आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवलं तर चालेल का?

नाही, अजिबात नको. तुमचा बोका चार वर्षांचा, नसबंदी झालेला, घरातच राहणारा आणि ६.८ किलोचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. उपास सगळ्यात घातक ठरतो तो नेमका अशाच मांजराला. लठ्ठ मांजराच्या पोटात दोन-तीन दिवस काही गेलं नाही, की अंगातली चरबी भराभर यकृतात साचू लागते, यकृताला ती झेपत नाही आणि कावीळ होते. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर मांजर दगावतं. तेव्हा एकादशी माणसांपुरतीच ठेवा. वजन उतरवताना एखाद्या दिवशी त्याने स्वतःहून खाण्याला तोंडच लावलं नाही, तरी वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

आधी तो खरंच किती जाड आहे ते बघा. मागच्या पायांपुढे लोंबणारी कातडीची पिशवी सडपातळ मांजरांनाही असते, तिच्यावरून काही ठरवू नका. छातीवरून हलका हात फिरवल्यावर बरगड्या लागतात का आणि वरून बघताना कंबर दिसते का, हे महत्त्वाचं. साधा देशी बोका ६.८ किलोचा असेल तर दीड-दोन किलो जास्त असणार. पण हाडापेराने मोठी मांजरंही असतात, म्हणून योग्य वजन डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

समजा ते ५ किलो ठरलं. मग वजन उतरवण्यासाठी दिवसाला साधारण १९० कॅलरी, असा हिशोब येतो. कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे दिवसभराचं मिळून जेमतेम ५० ग्रॅम. ऐकून धक्का बसतो, कारण आपण वाटीने वाढतो. वाटी सोडा, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या. अर्धं खाणं ओलं दिलंत तर उत्तम, त्यात बरंचसं पाणीच असल्यामुळे कमी कॅलरीत पोट भरतं. नेहमीचंच खाणं फार कमी केलं तर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कमी पडतात, म्हणून वजन उतरवण्यासाठी बनवलेल्या खाण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. बदल आठवडाभरात हळूहळू करा.

खरी अडचण मांजराची नसते, घरच्यांची असते. सकाळी आई देते, दुपारी आजी देते, संध्याकाळी मुलं देतात आणि प्रत्येकाला वाटतं की बिचाऱ्याने काही खाल्लंच नाही. आमच्या मांजरीच्या वेळी उपयोगी पडला तो एक डबा. दिवसभराचं खाणं सकाळीच मोजून त्यात काढायचं. कोणीही, कधीही द्यावं, पण त्याच डब्यातून. डबा रिकामा झाला की दुकान बंद. चार-पाच वेळा थोडंथोडं दिलेलं मांजरांना मानवतंही.

दूध आजपासून बंद. म्हशीच्या १०० मिली दुधात शंभराच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे एका छोट्या वाटीत निम्मा दिवस संपला! शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. दूध-पोळी हे मांजराचं अन्नच नव्हे, त्याला मांसातलीच प्रथिनं लागतात. काही द्यावंसं वाटलंच तर उकडलेल्या चिकनचा बिनमिठाचा तुकडा द्या आणि तेवढं डब्यातून वजा करा. खारवलेले बोंबील नकोत. मासळीवालीलाही सांगून ठेवा.

पहाटे पाचला तो तुमच्या छातीवर बसून ओरडेल. त्या वेळी उठून खायला दिलंत, की ओरडल्यावर मिळतं हे तो पक्कं शिकेल. रात्री झोपण्यापूर्वीचा घास राखून ठेवा, त्याने बराच फरक पडतो.

खेळवल्याने स्नायू टिकतात, कंटाळा जातो. पण नुसत्या खेळाने वजन उतरत नाही. दोरीला बांधलेलं पीस दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं पुरे. कोरडे दाणे घरभर लपवून ठेवले तर शोधत फिरतो, तोही व्यायामच.

वजन दर आठवड्याला करा, शक्यतो दवाखान्यातल्या किंवा लहान बाळांच्या काट्यावर. आठवड्याला ७० ग्रॅमच्या आसपास घट चांगली. १३० ग्रॅमहून जास्त उतरू लागलं तर खाणं वाढवा. दोन-तीन आठवडे काटा हललाच नाही तर दहा टक्के कमी करा, पण त्याआधी डब्याबाहेरून कोण काय देतंय ते शोधा. या वेगाने सहा-सात महिने सहज लागतील. मध्येच तो खूप पाणी पिऊ लागला, सारखी लघवी करू लागला तर मधुमेहाची तपासणी करून घ्या, लठ्ठ बोक्यांना त्याचा धोका जास्त असतो.