कल्चरच्या रिपोर्टला दोन दिवस का लागतात?

प्रश्न : माझ्या सासूबाईंना (वय 71, मधुमेह आहे) लघवीला जळजळ होते, सारखं जावं लागतं. डॉक्टरांनी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) करायला सांगितलंय, पण रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतील म्हणे. मागच्या वेळच्या चार गोळ्या घरात आहेत. तोवर त्या सुरू करू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, त्या गोळ्या देऊ नका. नमुना देण्याआधी तर अजिबातच नाही. मी सव्वीस वर्षं लॅबमध्ये हेच काम केलं, म्हणून ते दोन दिवस कुठे जातात ते सांगते.

तारेच्या बारीकशा कडीत मावेल एवढीच लघवी घेऊन आम्ही प्लेटवर रेघोट्या ओढतो. प्लेटमधला थर अगारचा असतो, म्हणजे आपण पुडिंगला वापरतो ते चायना ग्रास. पूर्वी यासाठी जिलेटिन वापरत, पण ते उबेत वितळून जायचं. 1881-82 च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेस या बाईंनी आपल्या स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेनं ते उचललं आणि आजही जगभर तेच चालतं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

प्लेट रात्रभर 37 अंशांच्या उबेत राहते. ई. कोलाय (लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा जंतू) असेल तर सकाळी मॅकॉन्की नावाच्या खास अगारवर गुलाबी टिकल्या उमटलेल्या दिसतात. मग तेच जंतू दुसऱ्या प्लेटवर सारवून वर कागदाच्या 6 मिलिमीटरच्या चकत्या ठेवतो, प्रत्येकीत वेगळं औषध. पुन्हा एक रात्र. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. जे पडत नाही, तिथे जंतू थेट चकतीला भिडलेले असतात. पट्टी लावून आम्ही गोल मोजतो. (मोठा गोल म्हणजे जालीम औषध, असं मात्र नाही. प्रत्येक औषधाचं माप वेगळं.)

माझ्या आईनं एकदा नमुन्याआधी अशाच उरलेल्या दोन गोळ्या घेतल्या होत्या, मला न सांगता. तिची प्लेट मीच उघडली. कोरी! रिपोर्ट 'वाढ नाही'. गोळीनं जंतू दबले होते, मेले नव्हते. पाचव्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला आणि कोणतं औषध द्यायचं हे सांगायला आमच्या हातात काहीच नव्हतं.

सासूबाईंना मधुमेह आहे, म्हणून थांबायचं की नाही हे डॉक्टरांनाच विचारा. बऱ्याचदा ते नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आला की गरजेप्रमाणे बदलतात. थंडी-ताप, कुशीत दुखणं, उलट्या किंवा गुंगी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नमुना देताना आधी साध्या पाण्यानं जागा स्वच्छ करायची, सुरुवातीची धार सोडून मधली धरायची. डबी लॅबचीच घ्या, घरची धुतलेली बाटली नको. दोन तासांत पोचवा. तेवढ्यात जमणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. आणि मागच्या वेळचा रिपोर्ट सापडला तर तोही डॉक्टरांना दाखवा.