पहिला सीपीआर वर्ग घेताय? स्पीकर जरा नंतर लावा

नागपूरच्या महाल भागातल्या मंडळाच्या हॉलमध्ये सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायचा प्रथमोपचार, शिकवणार म्हणता, मस्तच! फक्त मी केलेली चूक टाळा. दाबण्याचा वेग जमावा म्हणून मी आधीच गाणं लावलं. मंडळी ठेक्यात अशी रंगली की हात नुसते नाचले, सरावाच्या पुतळ्याची छाती काही दबेना.

म्हणून आधी शांततेत दाबायला लावा. छातीच्या मधोमध, कोपरं ताठ, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे लोक हमखास विसरतात.

मग गाणं:
- मिनिटाला १०० ते १२० ठोके. मोबाइलवरच्या मेट्रोनोमशी (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं अ‍ॅप) जुळवून बघा, अंदाजाने निवडू नका.
- मिरवणुकीचा ढोल-ताशा नको. त्याची लय चढत जाते, लोकही सुसाट सुटतात.
- शेवटची फेरी स्पीकर बंद करून, मनात गुणगुणत. बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत गाणं कोण लावून देणार?

दोन मिनिटांनी माणूस बदला. मे महिन्यात तेवढ्यातच शर्ट भिजतो.

आणि हो, माणूस हलवूनही उठत नाही, श्वास नीट नाही, तर आधी १०८ ला फोन, हे प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या. तोंडाने श्वास देणं, लहान मुलांची पद्धत पुढच्या वर्गात.