अमेरिकेत मुलीला शाळेत घालताय? लसींचा हिशोब निघण्याआधी करा

तुम्ही विचारलंय, मुलगी सहा वर्षांची आहे, लसी सगळ्या सरकारी केंद्रात वेळेवर झाल्यात, तरी इथली शाळा अडवेल का? आणि ती आजारी पडली तर शाळा काय करते?

अडवू शकते. वेळेवर झालेले काही डोस इथे धरतच नाहीत. नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत, त्यामुळे कुठे राहणार ते ठरलं की त्या राज्याच्या आरोग्य खात्याची यादी आधी बघा.

मुख्य अडचण गोवराची. पहिल्या वाढदिवसाच्या आधीचा डोस मोजत नाहीत आणि आपल्याकडे एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, म्हणजे तो बाद. राहिला १६ ते २४ महिन्यांमधला एकच. शिवाय एमआरमध्ये गालगुंड नसतो, इथे गालगुंडासकट तिन्हींची एमएमआर मागतात. पोलिओचंही तसंच. १ एप्रिल २०१६ पासून पाजलेले थेंब धरत नाहीत, कारण तेव्हापासून त्या लसीतला एक प्रकार काढून टाकला. इंजेक्शनचेच डोस दाखवावे लागतात, शेवटचा चौथ्या वाढदिवसानंतरचा. कांजिण्यांची लस तर आपल्या सरकारी यादीत नाहीच, इथे बहुतेक ठिकाणी दोन डोस लागतात.

म्हणून चार-पाच महिने हाताशी ठेवून बालरोगतज्ज्ञांना भेटा. एमएमआर आणि कांजिण्या एकाच दिवशी देता येतात. वेगवेगळ्या दिवशी घेतल्या तर मध्ये किमान २८ दिवस हवेत. कांजिण्यांच्या दोन डोसांत तीन महिने. तरी काही राहिलंच, तर सुरुवात झालेली असली की बऱ्याच राज्यांत मुलाला तात्पुरतं बसू देतात. विमा नसेल तर 'व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन' या सरकारी योजनेतून लस फुकट मिळते.

कार्डाची नक्कल इंग्रजीत टाइप करून त्यावर डॉक्टरांची सही-शिक्का घ्या आणि महिना अक्षरात लिहायला सांगा. ०५/०८ म्हणजे आपली ५ ऑगस्ट. इथल्या शाळेची नर्स ती ८ मे वाचते आणि दोन डोसांमधलं सगळं अंतरच चुकतं. टीबीची तपासणी सांगितली तर रक्ताची मागा. बीसीजी (टीबीची लस) घेतलेल्या मुलांची त्वचेवरची चाचणी कधीकधी उगाचच पॉझिटिव्ह येते.

हे नुसतं कागदांचं काम समजू नका, ही कळकळीची विनंती. २०२५ मध्ये पश्चिम टेक्सासात गोवर पसरला, त्यात लस न घेतलेली दोन शाळकरी मुलं गेली. वर्गात गोवर निघाला तर लस नसलेल्या मुलाला २१ दिवस घरी बसवतात.

आजारपणाचं म्हणाल, तर पहिल्या हिवाळ्यात सर्दी-खोकला, उलट्या होणारच, धरून चाला. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हाच शाळेत पाठवायचं, हा बहुतेक शाळांचा नियम. सकाळी पॅरासिटामॉल देऊन पाठवलं तर दुपारी त्याचा असर उतरतो आणि नर्सचा फोन येतो, तोवर शेजारच्या बाकावरच्या मुलालाही लागण झालेली असते. कृपा करून तसं करू नका. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच. दप्तरात गोळ्याही ठेवू नका. औषध नर्सकडे द्यायचं, सोबत बहुतेक वेळा डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म.

फोन आला की कुणीतरी लवकर पोचावं लागतं. शाळेच्या फॉर्मवर तुमच्या दोघांखेरीज आणखी नावं मागतात. नवीन गावात ओळखी नसतात, म्हणून आल्या आल्या एखाद्या शेजाऱ्यांना विचारून ठेवा आणि दोघांपैकी कोण सुट्टी घेणार तेही नोकरी सुरू होण्याआधी ठरवा.