जेरुसलेममधील ध्वजयात्रेवरून दरवर्षी तणाव का निर्माण होतो?

वादाचे मूळ यात्रेच्या मार्गात आहे. १९६७ च्या युद्धात इस्रायलने पूर्व जेरुसलेम जिंकले, त्याच्या स्मरणार्थ हजारो तरुण, बहुतांश धार्मिक राष्ट्रवादी, निळे-पांढरे झेंडे घेऊन ज्यूंच्या पवित्र पश्चिम भिंतीकडे जातात; मात्र त्यांतील मोठा गट दमास्कस दरवाज्यातून जुन्या शहराच्या मुस्लिम वस्तीत शिरतो, आणि तेथील पॅलेस्टिनी दुकानदारांना त्याआधीच शटर ओढून घ्यावे लागते. ‘अरबांना मृत्यू’ अशा घोषणा तेथे वर्षानुवर्षे दिल्या गेल्या आहेत. २०२१ मध्ये मार्ग ऐनवेळी बदलूनही त्याच संध्याकाळी हमासने शहराच्या दिशेने रॉकेट डागली. महिलांचा गट मुस्लिम वस्ती टाळून जाफा दरवाज्याने जात आला असताना, इतरांना रहिवाशांच्या बंद दारांसमोरूनच नेण्याचा आग्रह मला मुळीच समर्थनीय वाटत नाही.